मार्चच्या रकान्यातला आकडा

ओश, ३ जून

प्रिय साल्किन एजे, माझ्या थोरल्या बहिणी,
आणि 'तुमचं पाणी उत्तम आहे' असा छापील कागद दाखवून ज्यांना वर्षभर गप्प बसवलं, त्या तेरेक-बुलाकच्या खालच्या गल्लीतल्या सगळ्या बायांनो,

सलाम. मी बरा आहे. इथली तुती संपली, बाजारात जर्दाळू आलेत. एजे, गुडघ्याला मलम लावतेस ना? बुरुल काकूंनाही सलाम सांग, त्या माझ्यावर रागावल्या असल्या तरी.

शुक्रवारी गावप्रमुख तुझ्या दारात कागद घेऊन येणार, असं कळलं. 'आजीने पाणी न उकळता पाजलं, म्हणून बाळ दगावलं. हापशाबद्दल तक्रार नाही.' त्यावर तुझी सही झाली, की सील केलेला हापसा पुन्हा उघडणार. गल्लीत अजून तीन तान्ही बाळं आहेत. म्हणून लिहितोय. आधी तू एकटी वाच.

आपल्या तान्ह्या आयदायच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी तळलेल्या बोर्सोकची परात घेऊन फिरत होतो, आठवतं? बुरुल काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लेक मॉस्कोत लोकांच्या फरशा पुसते, आणि आजीला एक किटली उकळायचा कंटाळा!"

तू खाली बघून म्हणालीस, "तीनदा उकळलं गं मी. तीनदा."

"मग ओठ निळे कसे पडले? जादूटोण्यानं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. सगळ्या गावाने पाहिलं. शाळेच्या पायरीवर उभा राहून अख्ख्या शिक्षण खात्याला धारेवर धरणारा हा कुबात, पुस्तकांतले उतारेच्या उतारे तोंडपाठ असणारा, आता बोलेल असं सगळ्यांना वाटलं.

मी म्हणालो, "चहा घ्या काकू, निवतोय."

एजे, तेव्हा मला माहीत होतं. पाच आठवडे आधीपासून माहीत होतं.

आमच्या केंद्रात पाण्याची प्रत्येक तपासणी म्हणजे एक ओळ. हापसा, तारीख, आकडा. अशा हजारो ओळी एकाखाली एक साठत जातात. वरच्या लोकांना त्या वाचायला वेळ नसतो. त्यांना एक पान लागतं: डावीकडे हापशांची नावं, वर बारा महिने. म्हणजे ओळी उचलून त्यांचे रकाने करायचे. संगणकाला ते सांगणारी क्वेरी लिहायचं काम माझं. मला त्या कामाचा अभिमान होता. सगळा जिल्हा मी एका पानावर बसवला होता.

पण रकान्यात एकच आकडा मावतो. एका महिन्यात दोन तपासण्या झाल्या, तर त्यातला कुठला घ्यायचा, हे क्वेरीला सांगावंच लागतं. मी आमच्या साहेबांना, तुर्सुनाली बायकेंना विचारलं.

ते म्हणाले, "पहिल्या धारेत गंज येतो रे. दुसऱ्यांदा तपासतात ते नीट उपसून. लहान आकडा तोच खरा."

"आणि पहिलाच खरा असला तर?"

"कुबात, भाषण नको. रकाना भर."

मी भरला. 'सगळ्यात लहान' असं लिहिलं.

सहा मार्चला आमच्या केंद्रातली मेरिम नमुना घ्यायला पहाटेच तुमच्या हापशावर आली. गल्लीत कुणी उठलेलं नव्हतं. बर्फ वितळून गोठ्यांखालचं सगळं जमिनीत मुरत होतं. तिच्या बाटलीतला नायट्रेटचा आकडा आला एकशे अठरा. पंचेचाळीसच्या वर गेलं, की ते पाणी तान्ह्या बाळाला द्यायचं नसतं, त्याने बाळ निळं पडतं. नियमाप्रमाणे वीस तारखेला पुन्हा तपासणी झाली. त्या दिवशी तू तिला येताना पाहिलंस. पाहुणीला साचलेलं पाणी कसं द्यायचं, म्हणून दुखऱ्या गुडघ्याने अर्धा तास हापसा मारलास. मग तिची बाटली भरलीस आणि तिला भाकरी खाऊ घातलीस. आकडा आला एकतीस.

माझ्या मार्चच्या रकान्यात एकतीस बसला. एक एप्रिलला ते पान दवाखान्यात लागलं. सतरा तारखेला आयदाय गेली. त्याच आठवड्यात मी मागच्या ओळी उघडून पाहिल्या.

एकशे अठराची ओळ आजही तिथेच आहे. ती कुणी खोडली नाही. माझ्या क्वेरीने ती फक्त वर येऊ दिली नाही.

आता सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, आणि ते आणखी दाट होतं. साल्किनने पाणी उकळलं, तीनदा उकळलं, नातीवर जीव होता म्हणून उकळलं. हे तिला कुणी सांगायला हवं होतं? ज्यांच्याकडे आकडा होता त्यांनी. म्हणजे आम्ही. म्हणजे मी.

एजे, हे पुन्हा तुझ्या एकटीसाठी. तुझ्या लेकीने, बेगिमायने, तुझा फोन घेणं सोडलंय, आणि तू तिला दोष देत नाहीस. 'बरोबर आहे तिचं' म्हणतेस. बरोबर नाही तिचं. काल मी तिला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "मामा, आईला आधी सांगायचं ना." आणि फोन ठेवला.

परवा मी क्वेरीत 'लहान'च्या जागी 'मोठा' लिहिलं. पान पुन्हा छापलं. तुमच्यासारखे आणखी चार हापसे निघाले. तुर्सुनाली बायके म्हणाले, "होतं तसं कर, नाहीतर घरी जा." मी घरी आलो. येताना तुमच्या हापशाच्या दोन्ही ओळी, तारखांसकट, सहीशिक्क्याच्या छापील प्रती आणल्या. त्या सोबत जोडल्या आहेत.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. त्याचंही ओझं तुझ्यावरच पडेल.

शुक्रवारी तो म्हणेल, "आजी, नुसती एक सही, विषय मिटला." त्याच्या पेनाला हात लावू नकोस. आणि बायांनो, तिला त्या दारात एकटी उभी राहू देऊ नका.

सही करू नकोस, एजे.

ती क्वेरी लिहिणारा,
कुबात