बाकावर माझ्या शेजारी

१२ मे
नवे मालक आले. गिलफॉइल साहेब! कुत्र्यांच्या खाण्याच्या धंद्यात गडगंज झाले, आता हौसेनं बेसबॉलचा संघ घेतलाय — तोही आयोवातला, आमच्यासारखा खालच्या लीगमधला. आमचा मॅनेजर ऑस्ट्रँडर म्हणाला, "लाइल, तू सगळ्यात म्हातारा. साहेबांना आपली खेळाची भाषा शिकव." चौतिसाव्या वर्षी मी म्हातारा!

१४ मे
पहिला पाठ. अलगद हातात येणारा उंच झेल म्हणजे 'मक्याचा डबा'. पूर्वी दुकानदार वरच्या फळीवरचा डबा काठीनं पाडून ॲप्रनमध्ये झेलायचा, म्हणून. साहेब खूश! दिवसभर दिसेल त्या चेंडूला मक्याचा डबा.

१५ मे
आज 'कॉफीचा कप' — वरच्या लीगमध्ये चार दिवस मिरवून खाली परत येणं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही प्यायलात?" प्यायलो, एकदाच. चव अजून जिभेवर आहे, ते नाही सांगितलं. यंदा पुन्हा बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर संपलंच.

२ जून
नऊपैकी सात डाव टाकले, समोरच्या एकालाही धड फटका मारता आला नाही! अशा वेळी गोलंदाजाशेजारी कोणी बसत नाही, बोलत नाही, त्या पराक्रमाचं नाव तर चुकूनही काढत नाही, दृष्ट लागते म्हणून. माझे चेंडू झेलणारा आमचा कॅचर एफ्राइन बाकाच्या पार टोकाला. अख्खा बाक माझा — काय सुख!
तेवढ्यात साहेब. पॉपकॉर्न खात मला खेटून बसले. "लाइल, यालाच नो-हिटर म्हणतात ना?" मोठ्यानं! एफ्राइननं कपाळावर हात मारला. "साहेब, तोंड आवरा हो!"
आठव्या डावाचा पहिलाच चेंडू कुंपणापार. त्यावर साहेब ओरडतात, "मक्याचा डबा!" मला बघायला आलेला वरच्या लीगचा माणूस चष्मा पुसत उठून गेला. रडू यायचं बाकी होतं.

७ जून
पहिल्याच डावात झोडपलं मला. खांदा ठणकतोय. दोष साहेबांचाच!

९ जून
आज नुसता सराव. बाकावर बसलो, तर एफ्राइन उठून टोकाला गेला. मग बाकीचेही. ऑस्ट्रँडर बुटाची नाडी बांधतोय ती बांधतोयच. म्हटलं, "अरे, अजून एक चेंडू टाकला नाही मी!" कोणी हसलं नाही.
साहेब आले. आज पॉपकॉर्न नव्हतं. खेटून बसले. "लाइल, आज तुम्हाला संघातून काढतोय. ऑस्ट्रँडरला म्हटलं, तू सांग. कोणीच तयार होईना."
नंतरही बराच वेळ बसून राहिले. शेजारी तेवढे एकटेच.