मागचं कुलूप आणि गुलाबी सीट

सँड वॉश, युटा
रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थरूप वेंडलकाकांना पुतण्या गार्थ याचा मान खाली घालून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? काकूंचे पीच बरण्यांत भरून झाले असतील. मागच्या वर्षीची शेवटची बरणी आम्ही परवा फोडली आणि तुमची आठवण काढली (आठवण निघायला आणखीही कारण होतं, ते पुढे येईल). इकडे आम्ही सगळे प्रकृतीने ठणठणीत आहोत. अब्रूचं मात्र तसं म्हणता येणार नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, तुमची सूनबाई लोरेन तर तसंच म्हणत होती. पण तुम्ही एकदा हसायला लागलात की समोरच्याचं वाक्य पुरं होत नाही, आणि मला हे एकदाच, सलग, तुमचा चेहरा न बघता सांगून टाकायचं आहे.

तुम्हाला मागच्या थँक्सगिव्हिंगचं जेवण आठवत असेल. तुम्ही नव्या पिकअपमधून आला होतात. कारखान्यातूनच डोंगरदऱ्यांसाठी सजून आलेली, चावी फिरवली की निघाली. सगळे अंगणात तिच्याभोवती जमले आणि टर्की आत निवत बसली. तेव्हा मी भरल्या ताटावर जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय, दुर्दैवाने इतरांनाही आठवतंय. मी म्हणालो, तयार गाडी काय, कुणीही घेईल, विकतचा केक आणून मीच भाजला म्हणण्यातला प्रकार. शहाण्याने साधी गाडी घ्यावी आणि हवं ते आपल्या हाताने बसवावं. तुम्ही नुसतं "बघू या" म्हणालात आणि हिरव्या जेलीचा वाडगा माझ्याकडे सरकवलात. तुम्ही तेव्हाच भांडला असतात तर बरं झालं असतं. तुमच्या त्या "बघू या"ने माझं डोकं फिरलं आणि नाताळाच्या आत मी गाडी घेऊन आलो.

गाडी म्हणजे अगदी खालच्या प्रतीची, कंत्राटदार मजुरांसाठी घेतात तसली. चार चाकं फिरतात, खिडक्या वर-खाली होतात, एवढीच तिची कीर्ती. मी ती आधी उंच केली. उंच केल्यावर जुनी चाकं बाळाची वाटू लागली, म्हणून मोठी आणली. मोठी चाकं वळताना पत्र्याला घासू लागली, म्हणून पत्रा करवतीने कापला (एका बाजूला जरा जास्तच). चाकं मोठी म्हणून इंजिन चढावर म्हातारबुवासारखं कण्हू लागलं आणि काट्याने खरा वेग सांगणं सोडून दिलं. हे मला शेरीफच्या माणसाने रस्त्याच्या कडेला उभं करून समजावलं. मग छतावर दिव्यांची पट्टी आली. ती वाऱ्यात अशी शिट्टी मारते की शेजाऱ्यांचा कुत्रा मी कोपऱ्यावर वळायच्या आधीच रडायला लागतो. पुढे लोखंडी बंपर, त्यावर अडकल्यावर स्वतःला ओढून काढायची चरखी. लोरेन आता स्वयंपाकघरातलं स्टूल लावून गाडीत चढते आणि वर पोचली की विचारते, "अजून किती मजले बांधणार आहेस?" एवढं करून खर्च तुमच्या गाडीच्या पुढे गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

पण काका, एक गोष्ट मी बसवली नाही. तुमच्या गाडीत एक बटण आहे, जे दाबलं की मागची दोन्ही चाकं कुलूप लावल्यासारखी एकत्र फिरतात, म्हणजे एक हवेत लटकलं तरी दुसरं गाडी ढकलतं. माझ्या प्रतीत ते येत नाही, वेगळं घालावं लागतं, आणि घातलं तरी गाडीच्या पोटात जाऊन बसतं, कुणाच्या नजरेस पडत नाही. आमची ब्रिन्ली पहिल्याच शनिवारी गाडीखाली पडून मला पाने देता देता म्हणाली होती, "बाबा, आधी मागचं कुलूप घाला. दिवे नंतर." आणि मी माझ्या एकुलत्या एका मुलीला म्हणालो, "कुलूप दिसतं कुणाला?"

आता खरी गोष्ट. ब्रिन्लीचं लग्न सप्टेंबरात रेड रिमच्या कड्यावर आहे हे तुम्हाला पत्रिकेतून कळलंच आहे. लहानपणी मी तिला जुन्या खटाऱ्यातून तिथे न्यायचो, तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं की लग्नाला मी बाबांच्या गाडीतूनच वर येणार. हे पोर विसरली असेल असं मला वाटायचं. साखरपुडा झाला त्या संध्याकाळी तिने पहिलं वाक्य तेच उच्चारलं. म्हणजे हा सगळा खटाटोप नुसता तुम्हाला दाखवायला नव्हता, काका. निदान अर्धा तरी तिच्यासाठी होता.

चोवीस जुलैला आपल्या गाड्यांच्या क्लबची फेरी नेमकी रेड रिमवर ठरली. तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत, देवाची कृपा. मी सगळ्यांच्या पुढे निघालो, भर दुपारी छतावरचे सगळे दिवे लावून. शेवटच्या चढावर ती खडकाची पायरी आहे ना, तिथे माझं मागचं डावं चाक हवेत उचललं गेलं आणि गरगर फिरत राहिलं. दुसरं चाक पाहुण्यासारखं स्वस्थ. मी जोर लावला, धूर झाला, वास आला, गाडी तसूभर हलली नाही. मग मी मोठ्या ऐटीत खाली उतरलो, म्हटलं चरखी कशाला आहे? चरखी होती. तिचं हातात धरायचं बटण मात्र गॅरेजमध्ये, नव्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीसकट राहिलं होतं. मागे सगळ्या गाड्यांची रांग, आणि लोक खुर्च्या काढून रूट बिअर पीत बसलेले.

रांगेत माझ्या मागे कोण होतं, तर थर्ल्बीबाई. चर्चमध्ये पियानो वाजवतात त्याच. मला लहानपणी शिकवायला गेल्या आणि दोन्ही घरांच्या संमतीने सोडून दिलं त्याच. त्यांच्याकडे तुमच्यासारखीच कारखान्याची गाडी आहे, अजून सीटवरचं प्लास्टिकही नीट निघालेलं नाही. त्या काचेतून डोकं काढून म्हणाल्या, "काय रे गार्थ, बटण दाबलंस का?"

मी म्हणालो, "माझ्या गाडीत बटण नाही, बाई."

"अरे देवा! मग डोक्यावर एवढी रोषणाई कशाला मांडलीस?" म्हणून त्यांनी गाडी काढली, बाजूच्या खडकावरून मला वळसा घालून वर गेल्या, गाडी ओढायचा पट्टा टाकला आणि मला पायरीवरून ओढून काढलं. हे सगळं चाललं असताना त्यांच्या मागच्या सीटवर क्लबच्या जेवणासाठी आणलेलं चीज-बटाट्याचं भांडं होतं. काका, ते सांडलं नाही. जेवताना त्यांनी मला आग्रहाने दोनदा वाढलं आणि मी ताटात बघत ते संपवलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. क्लबचा नियम तुमच्याच तरुणपणचा. ज्याला दुसऱ्याने ओढून काढलं, त्याने कमोडची ती गुलाबी सीट गाडीच्या नाकावर बांधायची आणि पुढचा गडी अडकेपर्यंत गावभर मिरवायची. काढली तर क्लबातून नाव गेलं. गेला महिनाभर मी ती सीट घेऊन बँकेत जातो, किराण्याला जातो. आज चर्चच्या अंगणात बिशपांच्या गाडीशेजारी लावली, आणि आत बिशपांचा विषय निघाला नम्रता. ते सगळ्यांकडे बघून बोलत होते, पण सगळे माझ्याकडे बघत होते. मला खरंच लाज वाटली, काका. सीटची नाही. सगळ्यांना दिसेल ते मी बसवलं आणि माझ्या मुलीला वर नेईल ते सोडलं, याची.

असो. मागणं विशेष काही नाही, मन मोकळं करावंसं वाटलं इतकंच. काकूंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा उंच गाडीतला खुजा पुतण्या,
गार्थ

ता. क. लोरेनने पत्र वाचलं. ती म्हणते, एवढी पानं खर्चून मूळ गोष्ट राहिलीच. तेव्हा मूळ गोष्ट अशी की लग्नाच्या दिवशी तुमची पिकअप मिळेल का? मी चालवीन. दिवे वगैरे काही लावणार नाही.

ता. ता. क. आत्ताच क्लबच्या अध्यक्षांना विचारून घेतलं. ते म्हणतात, सीट गाडीची नसते, माणसाची असते. मी तुमची गाडी चालवली तर सीट तुमच्या गाडीच्या नाकावर. म्हणून आता लाज गुंडाळून विचारतो: लग्नाच्या आदल्या आठवड्यात क्लबची एक छोटी फेरी आहे, तुम्ही येऊन ओढ्याच्या वाळूत थोडंसं अडकाल का? अगदी थोडंसं. तुमच्या गाडीला आजवर दुसऱ्याचा पट्टा लागलेला नाही हे मला माहीत आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे. पण बटण दाबायला विसरलो असं कुणीही म्हणू शकतं, तुमच्या वयात तर लोक विश्वासही ठेवतील.

ता. ता. ता. क. पाकीट बंद करणार एवढ्यात ब्रिन्लीने पत्र माझ्या हातातून घेतलं. वाचून म्हणाली, "बाबा, वेंडलआजोबांना खोटं खोटं अडकायला सांगता? लाज नाही वाटत?" मी म्हटलं, लाज वाटते म्हणूनच तर. त्यावर तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "ह्या गाडीखाली मी पाने देत पडले होते. मी हिच्यातूनच जाणार. कुलूप नाही तर नाही." सीटला बांधायला तिने पांढऱ्या फुलांची माळही करायला टाकली आहे, आणि चढायला स्टूल आईकडून मागून घेतलंय. तेव्हा काका, अडकू नका आणि गाडीही देऊ नका. तुम्ही फक्त पट्टा घेऊन या, आणि चढाच्या पायथ्यालाच, सगळ्या पाहुण्यांदेखत आम्हाला बांधून वर ओढा. नियमाप्रमाणे सीट पुन्हा माझ्याचकडे राहील, राहू दे. हसायचं ते पायथ्यापासूनच पोटभर हसा. पट्टा तेवढा सैल सोडू नका, आत पोर आहे.