तलासरीची टाकी

४ फेब्रुवारी १९६३, सोमवार. सरावली

मुंबईच्या हेड ऑफिसचं पत्र. असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी माझं नाव वर गेलंय. मुलाखत २२ला, नेमणूक कलकत्त्याला. डहाणू रोडच्या रॉकेल डेपोत कारकून म्हणून लागलो त्याला चौदा वर्षं झाली, आता या भागातले कंपनीचे पेट्रोल पंप माझ्याकडे. तेव्हा अंगाला एवढा वास यायचा की आई माझं ताट ओटीवर मांडायची. कुसुमने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "तिकडे मासळी ताजी मिळते ना?" हसलो. जेवण मात्र गेलं नाही. का, कळत नाही.

७ फेब्रु.

तलासरीला. हमरस्त्यावरचा नवा पंप. जागा मी निवडलेली, टाकी माझ्या देखरेखीखाली पुरलेली. एजंट जीवणभाई म्हणाले, काठी बुडवून बघितली की टाकीत पेट्रोल रोज थोडं कमीच असतं. "ए तो गरमीमां उडी जाय, साहेब." फेब्रुवारीत कसली गरमी, पेट्रोल उडून जायला?

निघताना पंपाखालच्या पाड्यावरची लखमी हंडा घेऊन जीपसमोर उभी राहिली. "सायेब, हिरीच्या पान्याला वास येतं. ढोरां पन तोंड लावत नाय." हंड्यात नाक घातलं. पेट्रोल. माझं नाक यात चुकायचं नाही. तिला म्हटलं, बघतो.

बघतो म्हणजे काय...

८ फेब्रु.

पोस्टातून मुंबईला, माझे वरिष्ठ नायर साहेबांना, ट्रंक कॉल. तासभर लाईन नाही, मग नुसती खरखर. म्हटलं, तलासरीची टाकी गळतेय असं वाटतं, पंप बंद करू का? "वाटतं म्हणून पंप बंद करतात? तुमची मुलाखत होऊ दे. आणि हे कागदावर नको." पोस्टमास्तरांनी विचारलं, सगळं ठीक? म्हटलं, ठीक.

१० फेब्रु., रविवार

तलासरीच्या टाकीची फाईल घरी आणली. टाकी पुरण्याआधी आत हवा भरायची आणि चार तास दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं, असा नियम. कागदावर लिहिलंय, चार तास, काटा हलला नाही. खाली माझी सही.

खरं असं की अर्ध्या तासात उठलो होतो. घोलवडला चुलतबहिणीचं लग्न, मुहूर्त गाठायचा होता. ठेकेदार म्हणाला, तुम्ही निघा साहेब, मी आहे. त्या दिवशीची पंगत आठवते, जिलेबी आठवते. काट्याचं पुढे काय झालं, देव जाणे.

कुसुमला सांगितलेलं नाही. दिवसभर अंगणात येरझाऱ्या.

१२ फेब्रु.

लखमीचा सासरा रावजी विहिरीच्या काठावर बिडी पेटवायला बसला आणि शेजारच्या बादलीने भडका घेतला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या. निरोप मिळून मी पोचलो तेव्हा हात केळीच्या पानावर ठेवून बसला होता. जीपमध्ये घालून डहाणूच्या दवाखान्यात आणला. वाटभर म्हातारा कण्हला नाही. चारोटी गावाजवळ एकदाच बोलला, "पानी कसा पेटला, सायेब?"

लखमी माझ्याकडे बघत होती. मी रस्त्याकडे.

१३ फेब्रु.

पंप बंद केला. कोणाला विचारलं नाही. जीवणभाई हात जोडून, "साहेब, मारा धंधानुं शुं?" धंद्याचं नंतर बघू म्हटलं. टँकर आणून टाकी उपसली, दुपारपासून खणायला लावलं. खालच्या सांध्याशी माती काळी, ओली. बोट फिरवलं तर फट सरळ लागली. तिथेच उकिडवा बसून राहिलो. मजूर वाट बघत होते, पुढे काय.

१५ फेब्रु.

कुसुमला सगळं सांगितलं. सहीचंही. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मग ती पोरगी आता पाणी कुठून आणते?"

हे मी विचारलंच नव्हतं.

नदीवरून आणते, पाड्यावर गेल्यावर कळलं. दोन मैल जायचं, दोन मैल यायचं. दुपारी वडिलांच्या घोलवडच्या वाडीतली पिंपं ट्रेलरवर चढवली, गोड्या पाण्याने भरून पाड्यावर नेली. बायका रांगेत उभ्या राहिल्या. आधी प्रत्येकीने वास घेतला.

२२ फेब्रु. मुंबई

टेबलापलीकडे तिघे, कडेला नायर साहेब. सरकारी तेल कंपनी स्पर्धेत उतरल्यावर विक्री कशी राखाल, वगैरे. उत्तरं चांगली गेली, मलाच ऐकून बरं वाटलं. तलासरीचं कोणी काढलं नाही. शेवटी विचारलं, काही सांगायचंय? बॅगेतून तलासरीच्या टाकीवरचा माझा रिपोर्ट काढून ठेवला. मधल्याने वाचला.

"तपासणीच्या कागदावर सही तुमची?"

"हो."

"चार तास बसला होतात?"

"अर्धा."

नायर साहेब खिडकीबाहेर बघत होते. जिना उतरताना तीन आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली. इराण्याकडे दोन ब्रून मस्का खाल्ले.

२८ फेब्रु.

नायर साहेबांचं खाजगी पत्र. कंपनीच्या लेखी माझा रिपोर्ट 'आलाच नाही'. नवा टाईप करून ठेवलाय: जमिनीतल्या क्षारामुळे टाकी गंजली, कोणाची चूक नाही. यावर सही केली की कलकत्त्याची ऑर्डर तयार. नाही केली तर खोट्या तपासणीबद्दल चौकशी, एकट्या माझी. क्षारावर ढकललं की पाड्याला नवी विहीर देणं नाही, रावजीला काही देणं नाही. रविवारी ते स्वतः कागद घेऊन येताहेत.

पत्र कुसुमला दिलं. वाचून घडी घालून परत दिलं. "नोकरी गेली तर घोलवडची वाडी आहे," एवढंच. पण ती वाडी तिला कधी आवडली नाही, मला ठाऊक आहे.

२ मार्च

रावजीला दवाखान्यातून सोडलं. दोन बोटं मिटत नाहीत. घरी पोचवला तर पंपापासून लांब, पाड्याच्या पलीकडच्या अंगाला माणसं नवी विहीर खणताहेत. लखमी खड्ड्यात, कमरेपर्यंत. म्हटलं, कंपनीकडून विहिरीचं बघतोय मी. ती वर न बघता म्हणाली, "तुमी बघा. आमी खनतो."

३ मार्च, रविवार, सकाळ

एकदा वाटतं सही करून मोकळं व्हावं, नोकरीत राहून आतून काहीतरी करता येईल. मग वाटतं, हेच वाक्य नायर साहेबांनीही कधीतरी स्वतःला ऐकवलं असेल.

कुसुमने विचारलं, जेवायला किती जणांचं? म्हटलं, थांब. साहेबांना स्टेशनवरून घरी आणायचं नाही, सरळ पाड्यावर न्यायचं. रावजीसमोर बसायचं, कागद तिथेच उघडायचा, साहेबांनी तो रावजीला वाचून दाखवायचा.

"आणि मग?"

शपथेवर सांगतो, माहीत नाही. गाडीची वेळ झाली.