हजार नामे आणि फळीची कड

ज्याच्या कृपेने जडालाही तरंगता येते आणि अहंकाऱ्याला बुडता येते, त्या करुणाकराचे स्मरण करून लेखणी उचलतो.

आदरणीय व्याहीबुवांस सादर नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो ना? विहीणबाईंचा खोकला उतरला असावा. इकडे सर्व क्षेम. माझा उजवा खांदा तेवढा वगळावा.

आपली कन्या, म्हणजे आमची सूनबाई, गेले सात महिने घरामागच्या मोटारीच्या खोलीत शिडाची फळी घडवते आहे. (मोटार बाहेर उन्हात असते, ती तक्रार करत नाही, तक्रार चिरंजीव करतात.) रविवारी तलावावरच्या क्लबाच्या शिक्षकाने फळी पसंत केली तर क्लब अशा सहा घेणार, नाहीतर एक तारखेपासून तिने आपल्या कचेरीत नकाशे काढायला बसावे, असा आपला नि तिचा करार. मनाने मी आपल्या पक्षात होतो, हे कबूल करतो. फळीवर उभे राहून, शीड धरून, कुठेही न जाता परत येण्यात कोणता पुरुषार्थ, हे चारही पुरुषार्थ तपासून मला सापडले नव्हते.

ती म्हणे, "बाबा, जोराच्या वाऱ्यात दारसुद्धा पळेल. मंद वाऱ्यात पळाली तर गंमत." म्हणून फळी आखूड, रुंद, हलकी, मागचे बूड सपाट आणि त्याची कड सुरीसारखी. ती कड मला खटकली. कुणाच्या नडगीला लागली तर? अहिंसेवर चाळीस वर्षे निरूपण केलेल्याच्या घरातून असे शस्त्र बाहेर पडावे? सूनबाई शिडाचे कापड आणायला गेली असता मी पॉलिश पेपर घेतला आणि एका नामाला कडेवर एक हात, अशी हजार नामे पुरी केली. (मध्येच शेजारी बोलायला आला, म्हणून शंभर अधिक म्हटली, चुकलेले मोजमाप देवापुढे कसे ठेवावे?)

रविवारी वारा इतका मंद की उघड्या वहीचे पान उलटेना. शिक्षक, हा सडपातळ, मितभाषी गृहस्थ, फळीवर चढला, आणि फळी ओल्या गोणपाटासारखी सरकली. परत येऊन म्हणाला, "ताई, पाणी सोडतच नाही हिला." सूनबाईने कडेवरून बोट फिरवले. मग माझ्याकडे पाहिले.

"बाबा, किती वेळा घासलंत?"

"अकराशे."

"मोजून?"

"नामासह."

ती मटकन खाली बसली. रागावली असती तर सोसले असते. ती हसली, आणि डोळे पुसत शिक्षकाकडे बुधवारपर्यंतची मुदत मागू लागली.

ते तीन दिवस मी तिचा मजूर झालो. कडेला चिकटपट्टी लावून रेझिन भरायचे, वाळू द्यायचे, मग सरळ घासायचे. (खांदा तेव्हाच गेला. या खेपेस नामस्मरणाला मनाई होती.) तिने सांगितले, गोल कडेला पाणी बिलगून वर चढते आणि फळीला मागे ओढते, कड धारदार असली की तिथेच सुटते. कमळाच्या पानावरून थेंब निसटतो, हा दृष्टांत मी आयुष्यभर सांगितला; पण बिलगणे कुठे संपते आणि सुटणे कुठे सुरू होते, ते मला कुणी बोट लावून दाखवले नव्हते.

बुधवारी वारा रविवारचाच, किंबहुना कमी. शिक्षकाने शीड दोनदा अंगाकडे ओढले. फळीचे नाक किंचित उचलले, मागची खळबळ गप्प झाली, आणि पाण्यात होती ती पाण्यावर आली. व्याहीबुवा, याहून नीट मला लिहिता येत नाही. झाडाची पाने जेमतेम हलत होती आणि एक मनुष्य तलावापलीकडे पोचला होता. मी अनवाणी उभा होतो, हे घरी आल्यावर कळले. जोडे तिथेच राहिले होते. शिक्षक परतला आणि एवढेच म्हणाला, "सहा द्या. आणि काका, तुम्ही जरा लांब राहा."

आपला व्याही

ता. क. : करारात रविवार होता, बुधवार नव्हे, हे आपण दाखवून द्यालच. रविवारी हरलो तो मी. कचेरीत कुणी बसायचेच असेल तर मी येतो. नकाशातले कळत नाही, पण कोपरे गोल करून देईन. तिला मात्र मागू नये.

ता. ता. क. : आपले वजन कळवावे, जोडे काढून, आणि खरे. मंद वाऱ्याची फळी वजनावरून बेतावी लागते. माझी फळी तिला सांगून झाली आहे. (गुरुवारी नऊ वेळा पडलो. दहाव्या वेळेविषयी भेटीअंती.) विहीणबाईंनी त्यांचे कधीच कळवले आहे.

हे पत्र जो वाचील, ज्याला वाचून दाखवले जाईल आणि जो चोरून वाचील, त्या सर्वांना जेवढा वारा मिळाला असेल तेवढा पुरो.