दाजी, या वेळी थोडक्यात

ती. दाजींना धाकट्या मेहुण्याचा, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? ताई औषध देते की नुसतीच ओरडते? (दोन्ही गुणकारी.) मी बरा आहे. फक्त झोप नाही, भूक नाही आणि छातीत धडधडतं.

खरं तर आनंदाची बातमी आहे. ज्या दुकानातल्या चोरीपायी मला धरलं, त्याचा भागीदारच खरा चोर निघाला (दुसरी किल्ली त्याच्याच खिशात!), म्हणून मला चार वर्षं उगीच आत ठेवल्याबद्दल सरकार भरपाई देतंय. ती मिळाली तरच माझं कुलपांचं दुकान पुन्हा उभं राहील. न्यायाधीश म्हणाले, "तुमच्यावर अन्याय झाला." मीच ओशाळून म्हटलं, "असू द्या साहेब."

पण कचेरीत माझी फाईल ज्या लोखंडी कपाटात, त्याचीच किल्ली हरवली. कारकूनबाई रोज म्हणायच्या, "काका, उद्या या." तीन आठवडे मी बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली, समोर असलं किरकोळ कुलूप, पण न जाणो, हात लावला आणि पुन्हा आत! शेवटी बाईंना माझा धंदा कळला. "अहो काका, मग आधी नाही का सांगायचं?" म्हटलं, "बाई, लेखी द्या, शिक्क्यासकट." त्यांनी हसत दिलं. (तो कागद मी आंघोळीलाही जवळ ठेवतो.) कपाट उघडलं, बाईंनी चहा पाजला. देव त्यांचं भलं करो.

तुमचेही उपकार विसरलो नाही. खटल्यात मला वाचवायला तुम्ही पिंजऱ्यात उभे राहून छाती फुगवून सांगितलंत, "एवढं अवघड कुलूप ओरखडा न पाडता उघडणारा अख्ख्या गावात आमचा मेहुणाच!" आपल्या वकिलाने कपाळाला हात लावला. पण पुढे दर महिन्याला भेटायला आलात आणि गजांबाहेर इतके रडलात, की तुमची समजूत घालता घालता माझी चार वर्षं सरली. एवढी माया कोण करतं?

तुमचा काळजीखोर मेहुणा

ता. क. मंगळवारी भरपाईची शेवटची सुनावणी आहे. नातेवाइकाची साक्ष लागते. ताई कोर्टाची पायरी बघूनच रडते, राहता राहिलात तुम्ही. जरूर या. "माणूस कसा आहे?" विचारतील. "बरा आहे" म्हणायचं आणि खाली बसायचं. स्तुती नको.

ता. क. २. तुम्ही तेव्हा खोटं बोलला नव्हतात. ते कुलूप मी दोन मिनिटांत उघडलं असतं. (वाचून झालं की पत्र फाडा.)