न फाडलेली गोष्ट

प्रिय पप्पा,

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. दोन खोल्यांत राहणारी माणसं एकमेकांना कशाला पत्रं लिहितील? पण परवा तुमच्या बसमध्ये शेळकेकाकांनी काहीतरी सांगितलं आणि तेव्हापासून मी धड एका जागी बसलेली नाही. वही उघडते, मिटते, गॅलरीत जाते, परत येते. आई म्हणाली, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? तिला काय सांगू? ज्यांना सांगायला हवं ते तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन पाच महिने झाले.

मी एम.ए.ला सर्जनशील लेखन घेतलं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं? "लिहायला शिकवतात? ते तर पहिलीतच शिकवलं होतं की." तरी प्रवेशाच्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर पुण्याला आलात. त्यात शहरावर एक पेपर होता, तेवढ्यावरून चिखलीत शेजाऱ्यांना सांगितलंत की पोरगी आता शहराचा अभ्यास करते. त्यावर समोरच्या काकू नळाला पाणी येत नाही ही तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या! मी महापालिकेत लागले असं वाटलं त्यांना. केवढे हसलात तुम्ही. हसताना तुमचा एक हात पोटावर जायचा.

मी तुमच्यावर लिहिलेल्या गोष्टीतला ड्रायव्हर एकदाही हसत नाही.

त्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. शहरावरच्या पेपरसाठी मॅडम म्हणाल्या होत्या, रोज दिसतं पण कोणी लिहीत नाही असं काहीतरी लिहून आणा. मला कुठे शोधायची गरजच नव्हती. बारा वर्षं तुम्ही कंपनीची बस चालवत होतात. पहाटे पिंपरीहून निघायचं, चिखली, मोई, निघोजे करत पहिल्या शिफ्टची माणसं चाकणला पोचवायची. मी एक दिवस तुमच्याबरोबर आले. फक्त एक दिवस, पप्पा! सगळ्यात मागे बसून भराभर टिपत होते. माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. काहीजण उभे होते, पण तुमच्या शेजारची केबिनमधली सीट रिकामी होती आणि तिथे कोणी बसत नव्हतं. मला वाटलं, सापडलं! घरी येऊन लिहिलं की ती सीट म्हणजे त्याचं एकटेपण, रोज शेजारी बसवून तो ते चाकणपर्यंत नेतो. तुमचं खरं नाव घातलं. खरं नाव घालणं तेव्हा मला धाडस वाटलं होतं.

वर्गात वाचून दाखवली. मॅडम म्हणाल्या, विभागाच्या संग्रहात हीच पहिली घेऊ.

मग ती मी तुम्हाला दिली. तुम्ही चष्मा पुसलात आणि ओळीखाली बोट ठेवून सगळी वाचलीत. चहा गार झाला. शेवटी म्हणालात, "हा माणूस लई रडका आहे, माय. आणि सीटचं तुझं चुकलंय."

काय चुकलं, हे मी विचारलं नाही. म्हणाले, "ते प्रतीक आहे, पप्पा. तुम्हाला नाही कळायचं."

आपल्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. ती तुम्हाला गप्प करायला वापरली.

तुम्ही चिडला नाहीत. चिडायला हवं होतंत! फक्त म्हणालात, "मग माझं नाव तेवढं काढ." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंत, काढलं का? मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, नावच काय, सगळीच फाडून टाकली. काहीच फाडलं नव्हतं. गोष्ट केव्हाच मॅडमकडे पोचली होती. वाटलं, पुस्तकात छापलेलं नाव बघितलं की खूश व्हाल, बाकीचं विसराल. तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी जेवून आडवे झालात, ते उठलाच नाहीत.

गेल्या आठवड्यात छपाईआधीची पानं आली. चुका तपासून या शुक्रवारी परत द्यायची. पहिल्याच ओळीत तुमचं नाव. पुढे वाचवेना. म्हटलं, एकदा त्या बसने जाऊन यावं. तुम्ही रजेवर असलात की तुमच्या जागी यायचे ते निघोज्याचे शेळकेकाकाच आता ती चालवतात.

सोमवारी चिखलीला चढले आणि मागे जायला वळले, तर दारातल्या एका अनोळखी माणसाने केबिनकडे हात केला. "ताई, तिथं बसा." मी बसता बसता म्हणाले, इथे कोणी बसत नाही ना?

"बसतं की," शेळकेकाका आरशात बघत म्हणाले. "ज्याच्यावर येळ आली, त्यो बसतो. कुनाचा बाप दवाखान्यात हाय, कुनाला उद्यापास्नं येऊ नको म्हनून सांगितलंय, असलं काय बी. तुझ्या बापानं लावलेली शिस्त हाय ती. गेटपत्तोर त्याच्याशी बोलत जायाचं. बाकी कोन टेकत न्हाई."

मी आले त्या दिवशी कोणावरच वेळ आलेली नव्हती. त्या रिकाम्या सीटचा अर्थ एवढाच होता. चांगला दिवस होता तो, पप्पा, आणि मी त्याला एकटेपण म्हणून मोकळी झाले.

इंद्रायणीचा पूल ओलांडला तेव्हा काका म्हणाले, "तुझं लई कौतुक सांगायचा. पोरीनं माझ्यावर लिव्हलं हुतं, मला पटलं न्हाई, तर तिनं फाडून टाकलं. एवढी शिकली, पर माझं ऐकती. साऱ्या गाडीला सांगितलंय त्यानं."

"तीनदा," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले, खिडकीकडे तोंड करून. माझ्या पिशवीत ती पानं होती.

तुम्हाला कळलं होतं का हो? कळूनही सांगत होतात? की खरंच विश्वास ठेवलात? यातलं कुठलं उत्तर मला झेपेल, तेही समजत नाही.

काल मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नाव बदल, झालं. किती सोपं! दिवसभर घरात येरझाऱ्या घालत मी निरनिराळी नावं लावून बघितली. पण नाव कोणाचंही लावा, सीट एकटेपणाचीच राहते. म्हणून आज सकाळी सांगितलं, गोष्ट मागे घेते. संग्रह तुझ्यासाठी थांबणार नाही, त्या म्हणाल्या, आणि हीच तुझा वर्षाचा प्रकल्प म्हणूनही धरली होती, तर आता पंधरा दिवसांत दुसरं लिहून दे, नाहीतर त्याचे गुण गेले. एक चांगली गोष्ट तू मोडते आहेस, असंही म्हणाल्या. असेलही. मला अजून खात्री नाही.

मघाशी हे पत्र लिहिता लिहिता उठले आणि ती पानं फाडली. आई आतून ओरडली, "काय फाडलालीस गं?" म्हटलं, पप्पांनी सांगितलेलं एक काम राहिलं होतं.

उद्या पहाटे पुन्हा बसला जाणार आहे. पंधरा दिवस रोज जाईन. मागे उभी राहीन, वही पिशवीतच ठेवीन. जे लिहीन ते मॅडमच्या आधी त्या गाडीत वाचून दाखवीन, तुम्ही ज्यांना तीनदा सांगितलंत त्या सगळ्यांना. त्यातलं कोणी म्हणालं की तुझं चुकलंय, तर तुम्हाला विचारलं नाही ते त्यांना विचारीन. काय चुकलं? आणि त्यांचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलणार नाही.

तुमची,
सारिका