तारेवरची डावी चप्पल

याडी,

दारव्हा रोडवरच्या शेडचं काय करायचं, ते काल ठरलं. शहराच्या घंटागाड्या आणि शेजारच्या गावाचा ट्रॅक्टर अजूनही तिथंच येऊन कचरा ओततात, बायका तो निवडतात आणि उरलेला मोठ्या गाडीत भरून पुढे जातो. हे सगळं आता मी नगरपरिषदेत बसून कागदावर लिहिते. तू तिथं कामाला होतीस तेव्हा शाळा सुटली की मी, तुझी लेक, बाहेरच्या कडुलिंबाखाली दप्तर घेऊन बसायचे. आत यायचे नाही. तू दोनदा साबणानं हात धुऊन ज्वारीची बाटी घेऊन बाहेर यायचीस आणि मी म्हणायचे, भूक नाही. तू एकदाही आग्रह केला नाहीस. फडक्यात परत बांधून घरी आणायचीस, आणि घरी मी तीच बाटी खायचे.

आतल्या भिंतीला तुझी तार होती. एकट्या चपला तू तिच्यावर अडकवायचीस. बाजाराच्या दिवशी गर्दीत कुणाच्या तरी पायातली एक निघून जायची, ती शहराच्या गाडीतून यायची. तो माणूस उरलेली हातात घेऊन गावी जायचा, चार दिवस ठेवायचा आणि टाकून द्यायचा. ती ट्रॅक्टरमधून यायची. मग तू तारेवरची काढून दोघी जमिनीवर शेजारी ठेवायचीस आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहायचीस. "भेटल्या व," तू मावशीला हाक मारायचीस. तुझ्यासोबत पहिल्या दिवसापासून काम करणारी मावशी, तिला तुझं हे वेड पाठ होतं. "मंग लगन लाव त्याइचं," ती म्हणायची, "मी अक्षता टाकतो."

यंदा प्रस्ताव आला की शहरानं आपला कचरा थेट मोठ्या प्रक्रिया केंद्राला पाठवावा, गावानं आपलं आपण बघावं आणि शेड बंद करावं. साहेबांनी माझा अभिप्राय मागितला. मी लिहिलं, बंद करावं. मनापासून लिहिलं. बायांनी लोकांची घाण हातानं का निवडावी, हे मी यवतमाळला कॉलेजात असताना प्रत्येक भाषणात विचारायचे, आणि आता उत्तर द्यायची संधी माझ्याच टेबलावर आली होती. जागा मोजायला शेडवर गेले तेव्हा मावशीला हे आनंदानं सांगितलं. तिनं हातातली पोती खाली ठेवली.

"मंग आमी चौघीनं कोठं जावं?"

"तुमच्यासाठी दुसरं काम बघू ना, मावशी."

"कोनतं?"

मी टेप उलगडू लागले.

"तुह्या मायनं तुले शिकवलं ते आमाले घरी बसवाले का व? दोन वर्सं झाले हातमोजे मांगून राह्यलो. ते नाई जमत तुमाले, शेड बंद कराचं बरोबर जमते." मग माझ्या टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं. "घे, मोज. आली हायेस तं मोजून जा."

ते माप घेऊन मी नवीन अभिप्राय लिहिला. कंबरेइतक्या उंचीची टेबलं, पाण्याचा नळ, हातमोजे, चौघींची नावं हजेरीवर, आणि शेड शहराचं आणि गावाचं मिळूनच. कालच्या बैठकीत तो वाचला तर एक सदस्य म्हणाले, "म्याडम, तुमचा जीव काहून अडकला त्या उकिरड्यात?" दोघं-तिघं हसले. याडी, नोकरी लागून तीन वर्षं झाली, मी तिथं कधी सांगितलं नव्हतं. काल म्हणाले, माझी आई तिथं कामाला होती. मग गावाच्या सरपंचबाई पदर सावरत म्हणाल्या, "हे पोरगी पाहून बोलून राह्यली, आपुन ऐकून. आमचा ट्रॅक्टर तं तिथंच येईन." शेवटी ठरलं, एक वर्ष शेड दोघांचं राहील, पुढचं पुढे पाहू. मी जिंकले की चौघींची काळजी फक्त वर्षभर पुढे ढकलली, हे मला अजून कळलेलं नाही. तू असतीस तर एका शब्दात सांगितलं असतंस.

टेबलं बसवायची तर भिंत मोकळी करायला हवी, म्हणून आज सकाळी तार काढायला मीच गेले. नऊ चपला होत्या. आठ मावशीनं लावलेल्या. नववी जांभळ्या पट्ट्याची, डाव्या पायाची.

कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी तू मला कडुलिंबाखाली बोलावलं होतंस. शेडवर तू माझ्याशी आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायची नाहीस, मावशीला परकं वाटू नये म्हणून. ओढणीच्या तुकड्यातून तू जांभळ्या पट्ट्यांची जोडी काढलीस. साबणानं घासलेली, उन्हात वाळवलेली, एकीचा तुटलेला बंद नवीन शिवून घेतलेला. "पाह्य बरं, कोनी म्हनन का, ह्या दोन ठिकानच्या हाय म्हनून? तीन वर्सं थांबलो मी उजवीसाठी." खरंच कुणी म्हणालं नसतं, फक्त उजवी थोडी जास्त विटली होती. मी त्या घालून गेले. पंधरा दिवसांनी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर एका मुलीनं सहज विचारलं, "तुझ्या एकाच चपलेचा रंग का गेलाय?"

दिवाळीत मी नव्या चपला घालून आले आणि डावी पिशवीतून काढून तुला दाखवली. म्हटलं, एसटीत चढताना गर्दीत उजवी पडली. तुला राग आला नाही. "एकच गेली ना? मंग येईन. एकटी कोनाच्या कामाची व, ज्याले सापडली तो टाकनच." डावी तारेला अडकवलीस आणि वळून विचारलंस, "यवतमाळचा कचरा कोठं जाते, बाई?" मी म्हटलं, माहीत नाही. पुढच्या दिवाळीला तू नव्हतीस. त्याला आता आठ वर्षं झाली.

आज मी ती काढायला गेले तर मावशीनं माझा हात धरला. "ते नाई. ते तुही हाय. तुह्या मायनं सांगून ठेवलं मले, जोडी आली का पोरीले देजो." तिनं नव्या टेबलाच्या जागेच्या वर भिंतीत खिळा ठोकून घेतला आणि चप्पल तिथं लावली. ती पाणी आणायला गेली तेव्हा मी पुन्हा काढली आणि पायात घालून पाहिली. अजून बरोबर बसते. तिची पावलं ऐकून लगेच जागेवर ठेवली.

उजवी गर्दीत पडली नव्हती, याडी. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून वसतिगृहामागच्या कचराकुंडीत टाकली, कुणी ओळखू नये म्हणून खाली दाबून. डावी टाकायला हात धजला नाही. मावशी पाणी घेऊन आली, तिला हे सांगणार होते, पण तिनं विचारलं, बाटी खाशील का. मी खाल्ली, आत बसून.

हे पत्र माझ्याकडेच राहील. फाडून टाकायचं म्हटलं तरी या शहरातला प्रत्येक कागद शेवटी मावशीच्याच हातात जातो.